लूट निघाली विलायतेला

मुलांनो, संक्रांतीच्या सुमारास मी खुटबावला गेलो होतो. पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलात की यवतनंतरचं स्टेशन. रस्त्यावरून उसाची ट्रॉली खडखडत चालली होती आणि मागून तीन-चार पोरं ऊस ओढत धावत होती. (तुम्ही असं धावू नका बरं का!)

"काय चाललंय रे?" मी विचारलं.

"लूट!" एक म्हणाला. दुसरा लगेच म्हणतो कसा, "काका, इंग्रजीतपण लूटच म्हणतात. आपण त्यांचा शब्द घेतला का हो?"

अरे, उलट! संस्कृतात 'लुण्ट्' म्हणजे लुबाडणे. त्याच कुळातली आपली लूट, लुटणे, लुटारू. कंपनीच्या साहेबांनी हा शब्द हिंदुस्थानीतून उचलला. १७८८ सालच्या एका इंग्रजी शब्दसंग्रहात तो छापलेला आहे. पुढे चीनची लढाई, क्रिमियाची लढाई, १८५७चा उठाव, असं करत शिपायांच्या तोंडून तो विलायतेत घरोघरी पोचला. म्हणजे लुटीचा शब्दसुद्धा लुटलेलाच की!

पण गंमत पुढेच आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली. दुसऱ्या बाजीरावाचं जडजवाहीर कंपनीच्या फौजेच्या हाती लागलं. त्र्यंबकेश्वरच्या देवळातला म्हणून सांगितला जाणारा मोठा हिराही त्यात होता. तो थेट लंडनच्या बाजारात गेला. अजून त्याला 'नासक' म्हणतात, म्हणजे आपलं नाशिक! वाटणीवरून लॉर्ड हेस्टिंग्ज आणि सेनापती हिस्लॉप यांच्यात वर्षानुवर्षं भांडण चाललं. आणि कागदोपत्री या मालाचं नाव काय? 'डेक्कन प्राइझ'! 'प्राइझ' म्हणजे इथे युद्धात हाती आलेला माल. पण कानाला कसं शर्यतीतल्या बक्षिसासारखं वाटतं, नाही? शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० साली सुरतेवर स्वारी केली, तिला आपण सरळ 'सुरतेची लूट' म्हणतो. मला हे जास्त रोखठोक वाटतं.

आणि आपली सगळीच लूट काही वाईट नसते. दसऱ्याला आपण सोनं लुटतो. संक्रांतीला आया-मावश्या वाण लुटतात, म्हणजे चक्क वाटतात! हा अर्थ मात्र साहेबाच्या बोटीत चढलाच नाही.

एवढं सांगतोय तोवर एकाच्या आईची हाक आली, "चला रे, धाकट्याचं बोरन्हाण आहे!" हातातले ऊस तिथेच टाकून सगळी फौज बोरं लुटायला पळाली.