वृद्धाश्रम 'चांगला' म्हणजे काय?

गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक संपली आणि एक मैत्रीण चपला घालता घालता थांबली. हळूच म्हणाली, "आईसाठी एखादा चांगला वृद्धाश्रम माहितीये का गं तुला?" हळूच अशासाठी, की बाजूला अजून दोघीतिघी उभ्या होत्या. त्याच खोलीत आम्ही बलात्काराच्या केसेसबद्दल, नवऱ्याच्या मारहाणीबद्दल मोठ्या आवाजात बोलतो. वृद्धाश्रमाचं नाव मात्र कुजबुजत घेतलं गेलं.

मला तिला लगेच उत्तर देता आलं नाही. चार वर्षांपूर्वी मीही असाच एक 'चांगला' वृद्धाश्रम शोधला होता, माझ्या आत्यासाठी. आणि तो निवडताना माझी सपशेल चूक झाली होती. तीस वर्षं चळवळीत काढलेल्या, आश्रमशाळा आणि वसतिगृहं पाहून अहवाल लिहिलेल्या बाईची चूक. म्हणून ती लिहून काढते आहे.

आधी थोडं त्या कुजबुजीबद्दल. वृद्धाश्रम म्हटला की वर्तमानपत्रांतून, कीर्तनांतून आणि आता मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांतून एकच गोष्ट सांगितली जाते. डोळ्यांत पाणी आणणारी आई, शिकलेला मुलगा आणि मधे उभी खलनायिका सून. शेवटी संस्कृती बुडाल्याचा हंबरडा. पण ही संस्कृती तरंगत होती तेव्हा सासूचं अंथरूण कोण बदलत होतं? तीच सून. किंवा लग्नाची राहिलेली मुलगी, जिच्या नोकरीचं कुणाला काही वाटलं नाही. त्या कामाला कुणी काम म्हटलं नाही, त्याचे पैसे नाहीत, त्याची रजा नाही. त्यामुळे वृद्धाश्रम आहेत याची मला लाज वाटत नाही. माझं दुखणं वेगळं आहे. या रडारडीमुळे संस्था बरी की वाईट हा प्रश्नच विचारला जात नाही. जे माणूस ठेवतात ते अपराधी मनाने येतात, म्हणून त्यांची मान खाली. जे संस्था चालवतात ते पुण्याचं काम करतात, म्हणून त्यांना कोण विचारणार?

आणि हा प्रश्न मुख्यतः बायकांचा आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसं दहा कोटींवर होती आणि त्यांत बायकांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त होती. या वयाच्या बायकांपैकी निम्म्याच्या आसपास विधवा असतात, पुरुषांमध्ये विधुरांचं प्रमाण त्याच्या निम्मंही नसतं. उघड आहे, पुरुषाच्या म्हातारपणी बायको असते. बायकोच्या म्हातारपणी कोण असतं?

माझी आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. बत्तिसाव्या वर्षी नवरा गेला, मूल नव्हतं. सातारा जिल्ह्यात तीन-चार गावांतून बदल्या झाल्या, निवृत्तीनंतर ती पुण्यात एका खोलीत एकटी राहिली. पेन्शन स्वतःच्या सहीने काढायची, दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला स्वतः बँकेत जायची. "मी जिवंत आहे हे मीच सांगून येते," म्हणायची. एकोणऐंशीव्या वर्षी मोरीत पडली, खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, ती चालायला लागली, पण एकटी राहणं शक्य नव्हतं. माझ्या दोन खोल्यांत तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. आत्याच म्हणाली, "अगं, मला आश्रम बघ. तुझ्याकडे आले तर तू मरशील."

मी पाच संस्था पाहिल्या. ज्या संस्थेची निवड केली तिथे बाग होती, स्वच्छ फरशी होती, फिनाईलचा वास होता, संध्याकाळी प्रार्थना होती. संचालकबाई अदबीने बोलायच्या. अनामत रक्कम भरली, महिन्याचे सतरा हजार ठरले. मी काय काय पाहिलं होतं ते आता आठवते: इमारत, स्वयंपाकघर, डॉक्टरांच्या भेटीचा फलक. म्हणजे मला दाखवलं गेलं ते सगळं मी पाहिलं. सकाळी अकरा वाजता, आधी फोन करून गेले होते.

सहा आठवड्यांनी गेले तर आत्याचे केस कापलेले होते. कानाच्या वर, एकसारखे, सगळ्याजणींचे कापतात तसे. आत्याचा अंबाडा अख्ख्या केंद्रशाळेला माहीत होता. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "सोयीचं पडतं गं त्यांना." आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

केस कापले एवढ्यावरून काय एवढं, असं कुणी म्हणेल. विधवांचं केशवपन करणार नाही असा ठराव नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी केला तो १८९० साली. त्यानंतर सव्वाशेहून जास्त वर्षांनी एका बाईच्या डोक्यावर तिला न विचारता कात्री फिरते. या वेळी कारण शास्त्राचं नाही, सोयीचं आहे. पण बाईचं डोकं बाईचं नाही, हे मात्र तसंच आहे.

मी तावातावाने ऑफिसात गेले. संचालकबाई शांतपणे म्हणाल्या, "ताई, बावीस जणींमागे दिवसा दोन मावश्या, रात्री एक. बावीस वेण्या कोण घालणार, तुम्हीच सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्या खरं बोलत होत्या. प्रवेशाच्या वेळी मी डॉक्टर किती वेळा येतात ते विचारलं होतं. मावश्या किती, हे विचारलंच नव्हतं.

मग मी जायच्या वेळा बदलल्या. कधी पहाटे, कधी संध्याकाळी साडेपाचला. साडेपाचला रात्रीचं जेवण चाललेलं होतं, कारण सहाला दिवसाच्या मावश्यांची पाळी संपते. पुढचा चहा सकाळी सात वाजता, नाश्ता आठला. म्हणजे मधुमेह असलेल्या बायका चौदा तास जवळजवळ उपाशी. जेवणानंतर पाणी मोजून. रात्री कुणी लघवीला उठू नये म्हणून. म्हातारपणी पाणी कमी पडलं की मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, बद्धकोष्ठ होतं, माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागतं. आणि ते बोलायला लागलं की झोपेची गोळी. "रात्री सगळ्या कशा शांत झोपतात," असं मला कौतुकाने सांगितलं गेलं होतं. बावीस म्हाताऱ्या माणसांच्या खोल्यांत रात्रभर कुणाचीही चाहूल नसेल तर त्याची भीती वाटायला हवी होती. मला ती वाटली नव्हती.

एका पलंगावर पाठीला जखम झालेल्या आजी होत्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, हे कुठलीही परिचारिका सांगेल. रात्री एकट्या मावशीने ते कसं करायचं? माकडहाडावर आणि टाचांवर जखमा होतात त्या वयामुळे नाही, हात कमी पडतात म्हणून. त्यांचं लंगोट सगळ्यांदेखत बदललं जात होतं, मधे साधा पडदा नाही. प्रार्थनेच्या सभागृहाला मात्र मखमली पडदे.

रात्रपाळीच्या मावशीशी ओळख झाली ती अशाच एका संध्याकाळी. बारा तासांची पाळी, आठवड्याची सुट्टी घेतली की पगार कापायचा, हजेरीपटावर सही एका रकमेची आणि हातात दुसरी. बदलीची बाई आली नाही तर चोवीस तास. पुण्याजवळच्या वस्तीत तिची स्वतःची आई एकटी, दिवसातून दोनदा शेजारीण डोकावते. ती मला म्हणाली, "ताई, मी म्हातारी झाले की मला कोण ठेवणार इथं? सतरा हजार कुठून आणू?" गू-मूत काढणाऱ्या बहुतेकजणी कुठल्या जातींतून येतात ते सांगायला नको. आणि प्रवेश-अर्जात 'फक्त शाकाहारी' हा रकाना कशासाठी असतो तेही आपल्याला कळतं. वाण्याबामणांपलीकडच्या म्हातारीने बोंबलाची चटणी खायची की वृद्धाश्रमात राहायचं, यातलं एक निवडायचं.

म्हणून आता मला कुणी चांगल्या वृद्धाश्रमाबद्दल विचारलं की मी आधी विचारते: तिथल्या मावश्या किती वर्षं टिकून आहेत? दर तीन महिन्यांनी नवी बाई येत असेल तर बाग कितीही फुललेली असो, आत काहीतरी कुजतं आहे. त्यांना किमान वेतन मिळतं का? दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती असायला हवी, ती आहे का? हे प्रश्न विचारले की संचालक गोंधळतात, म्हणतात, "तुम्ही आजींच्या चौकशीला आलात ना?" हो, आजींच्याच. ज्या बाईला दिवसभर कुणी माणूस म्हणून वागवलेलं नाही, तिच्याकडून रात्री तीन वाजता मायेची अपेक्षा आपण कुठल्या तोंडाने करणार?

दुसरं म्हणजे कुलपं बघायची. कपाटाची किल्ली कुणाकडे? फोन कुणाकडे, पासबुक कुणाकडे? आत्याचं पासबुक 'सुरक्षिततेसाठी' ऑफिसात होतं आणि त्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला तिच्या वतीने संस्थेनेच करून आणला होता. फाटकाबाहेरच्या दुकानापर्यंत जायला कुणाची चिठ्ठी लागते? स्मृतिभ्रंश झालेल्यांची गोष्ट वेगळी, त्यांना जपावंच लागतं. पण खुबा मोडलेल्या शिक्षिकेला कोंडून कशासाठी ठेवायचं?

आणि तिसरा प्रश्न, जो विचारताना माझी जीभ अडखळते: माझं माणूस उठेनासं झालं की काय करणार? बहुतेक ठिकाणी नियमावलीत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश.' म्हणजे ज्या दिवसासाठी वृद्धाश्रम हवा, त्या दिवशी तो संपतो. "तीन दिवसांत घेऊन जा" असा फोन येतो. हे कलम प्रवेशाच्या आधी वाचा, आणि अनामत परत कधी मिळणार ते लिहून घ्या.

कायदा आहे. २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याण कायद्याने प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागता येते, मूल नसलेल्या बाईला तिची मालमत्ता मिळणाऱ्या नातेवाइकांकडूनही निर्वाह मागता येतो. त्याच कायद्यात दर जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी एक आश्रम असं म्हटलंय, पण राज्य सरकार तसा 'स्थापन करू शकेल' अशा मऊ भाषेत. वृद्धाश्रमांची नोंदणी आणि किमान मानकं आणणारं दुरुस्ती विधेयक २०१९ साली लोकसभेत मांडलं गेलं, त्याचा कायदा झाला नाही. श्रावणबाळ योजनेचे पैसे २०२३ साली महिना दीड हजार झाले. त्या दीड हजारात कुठली खोली मिळते ते कुणीतरी मला दाखवावं.

पण कायद्याची वाट बघत बसायची आपल्याला सवय नाही. १९८१ साली उपेंद्र बक्षी आणि लतिका सरकार यांनी आग्र्याच्या संरक्षणगृहातल्या बायकांच्या अवस्थेबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि त्या भिंतींआड काय चाललंय ते बाहेर आलं. सुधारगृहांत, वसतिगृहांत आपण शिरलो. वृद्धाश्रमात मात्र आपल्या गटांची पावलं वळतात ती महिला दिनाला फराळ आणि साड्या घेऊन. मीही नेल्या आहेत. फोटोही काढले आहेत.

आत्या आता दुसरीकडे आहे. गावाच्या टोकाला साधी बैठी जागा, बाग नाही, फरशीला तडे गेलेत. चौदा माणसं, दिवसा तीन मावश्या, रात्री दोन. त्यांतल्या एकीला तिथे नऊ वर्षं झालीत. दर महिन्याला दीड हजार जास्त जातात, ते मी आणि माझा चुलतभाऊ मिळून भरतो. पासबुक आत्याच्या उशाखाली असतं. तिथेही सगळं आलबेल नाही. संडास पलंगांपासून लांब आहेत, दांडे बसवा म्हणून मी वर्षभर मागे लागले आहे. मध्यंतरी केस खांद्यापर्यंत वाढले तेव्हा तिथल्या मावशीने विचारलं, "बाई, अंबाडा बांधू का?" आत्या म्हणाली, "नको गं, कापूनच टाक. मानेला गार वाटतं."

माझ्या मैत्रिणीला मी दोन पत्ते दिले आणि सांगितलं, आईला घेऊन जा, एकटी जाऊ नकोस. आमच्या गटाने तालुक्यातले चार वृद्धाश्रम पाहायचं ठरवलंय. दोघांनी "जरूर या" म्हटलं, एकाने "सकाळी अकराला या" म्हटलं, एकाने अजून उत्तर दिलेलं नाही. तुमच्या गावात कुणी असं पाहून आलं असेल तर काय विचारलंत, कुठे अडवलं, मावश्या काय म्हणाल्या, ते पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा.