विषाचं नाव

आयुष्यभर मुलांना मराठी शिकवलं. रसायनशास्त्राशी आपला संबंध शाळेच्या प्रयोगशाळेवरून ये-जा करण्यापुरता. तरी आज एका विषाबद्दल लिहितोय, कारण प्रश्न शेवटी एका नामाचाच आहे.

२३ ऑक्टोबर २००२ ला मॉस्कोच्या दुब्रोव्का नाट्यगृहात चेचेन बंदूकधाऱ्यांनी आठशेहून अधिक लोकांना ओलीस धरलं. २६ तारखेच्या पहाटे सरकारने आत गुंगीचा वायू सोडला. त्यात बंदूकधारी आडवे झाले, पण सव्वाशेहून अधिक ओलीसही गेले, बहुतेक त्या वायूमुळेच.

वायू कोणता? डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. चार दिवसांनी आरोग्यमंत्री म्हणाले, फेंटानिलच्या कुळातला. फेंटानिल म्हणजे अफूसारखं काम करणारं, पण कारखान्यात बनणारं औषध; मॉर्फिनच्या ५० ते १०० पट जहाल. मात्रा वाढली की श्वासच थांबतो. नॅलोक्सोन हा त्यावर उतारा आहे, पण तो वेळेत टोचावा लागतो. आणि विष कुठलं हेच माहीत नसेल तर काय टोचायचं, किती टोचायचं, सांगा बरं?

पक्कं नाव कळायला २०१२ उजाडलं. ब्रिटनमधल्या पोर्टन डाउनच्या शास्त्रज्ञांनी वाचलेल्या दोघांचे कपडे आणि तिसऱ्याची लघवी तपासली. कपड्यांवर कारफेंटानिल आणि रेमिफेंटानिल निघालं. कारफेंटानिल हत्तीसारख्या जनावरांना बेशुद्ध करायला वापरतात!

प्रयोगशाळेचं मला कौतुकच आहे. नेहमीच्या अफूच्या चाचणीत ही द्रव्यं सहसा सापडत नाहीत, ती मुद्दाम शोधावी लागतात. पण दहा वर्षांनी मिळालेलं उत्तर मेलेल्यांच्या काय उपयोगाचं?

काही जण म्हणतील, सरकारला गुप्तता पाळावीच लागते. कबूल, पण वायू सोडेपर्यंत. त्यानंतर ते गुपित कुणापासून लपवायचं होतं? समोर शत्रू नव्हता, उताणी पडलेली बेशुद्ध माणसं होती. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेही २०११ मध्ये वायूच्या वापराला दोष दिला नाही. दोष दिला तो सुटकेनंतरच्या ढिसाळ व्यवस्थेला आणि अपुऱ्या चौकशीला.

माझं मत साधं आहे. असं द्रव्य वापरायचंच असेल, तर त्याचं नाव आणि उतारा दारात उभ्या डॉक्टरच्या हाती आधी पोचला पाहिजे. विषाचं नाव हा उपचाराचाच भाग आहे. ते लपवणं म्हणजे औषध लपवणं.

तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा.