दोष चालकाचा, आणि रस्त्याचा?



इंदूरहून धुळे, नाशिक, मुंबईकडे जाणाऱ्या आपल्या कुटुंबांना आग्रा-मुंबई रस्ता नवा नाही. लग्नकार्य असो की उन्हाळ्याची सुट्टी, ये-जा त्याच रस्त्याने. याच रस्त्यावर धार जिल्ह्यात, धामनोदच्या अलीकडे गणपती घाट लागतो. वर्षानुवर्षे या घाटाच्या उतारावर भरलेल्या ट्रकांचे ब्रेक निकामी होत आणि ते पुढच्या गाड्यांवर आदळत. कितीतरी गाड्या जळाल्या, माणसे गेली. दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेले वाक्य असे : चालकाचे नियंत्रण सुटले.

शेवटी हा तीव्र उतार टाळण्यासाठी सुमारे ९ किलोमीटरचा नवा मार्ग बांधावा लागला आणि २०२४ च्या अखेरीस तो खुला झाला. आमचा प्रश्न साधा आहे. दोष केवळ चालकांचा असता, तर रस्ता का बदलावा लागला?

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी मरण पावले. मागच्या सीटवर बसलेल्या या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, ही गोष्ट आपण सर्वांनी ध्यानात ठेवावी. पण पुलाच्या रचनेतील दोषही तेव्हा तज्ज्ञांनी दाखवून दिले होते. पुलाजवळ रस्ता अरुंद होत होता आणि कठड्याची भिंत पुढे आलेली होती. गुन्हा मात्र गाडी चालवणाऱ्यावर नोंदला गेला.

कायदा याबाबत अगदी गप्प आहे असे नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १९८-अ आले. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे कोणी मेले वा अपंग झाले, तर संबंधित अधिकारी संस्था, कंत्राटदार किंवा सल्लागार यांना दंड होऊ शकतो. दंड किती? जास्तीत जास्त १ लाख रुपये. तोही मृताच्या घरी जात नाही, अपघात निधीत जमा होतो. त्याच दुरुस्तीत कलम १९९-अ आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. पालकांवरील ही सक्ती आम्हाला मान्य आहे. शाळेत स्कूटी घेऊन येणाऱ्या मुलांच्या पालकांना आम्ही ती वारंवार सांगतो. परंतु मुलाच्या हाती गाडी देणारा बाप तुरुंगात जाऊ शकतो आणि मृत्यूचा खड्डा तसाच ठेवणारा दंड भरून मोकळा होतो, हा न्याय आम्हाला पटत नाही.

न्यायालयांनी अलीकडे पुढची पावले टाकली आहेत. मध्य प्रदेशातील एका रस्त्याच्या कंत्राटाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटले की सुरक्षित व सुस्थितीतील रस्ता हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या अधिकाराचा भाग आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवली. ही रक्कम दोषी अधिकारी व कंत्राटदार यांच्याकडून वसूल करावी, असेही सांगितले. हा आदेश महाराष्ट्रापुरता आहे. तशी सोय आपल्या प्रदेशातही व्हावी, अशी मागणी आपण केली पाहिजे.

आता महत्त्वाची गोष्ट. कलम १९८-अ खाली निर्णय देताना न्यायालय हेही पाहते की रस्त्याची धोकादायक अवस्था त्या खात्याला माहीत होती का, किंवा माहीत असायला हवी होती का. म्हणजे अपघातापूर्वी दिलेला एक कागद पुढे फार मोलाचा ठरतो. आपण मात्र खड्डा चुकवून पुढे जातो, घरी येऊन नगर निगमला नावे ठेवतो आणि विसरतो. आपल्या तोंडी बोलण्याची नोंद कोणत्याच कार्यालयात होत नाही.

म्हणून आमची सूचना अशी. इयत्ता नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांनी घर ते शाळा या वाटेवरील धोक्याच्या जागा वहीत टिपाव्यात : झाकण नसलेला चेंबर, पट्टे न मारलेला गतिरोधक, अंधारात न दिसणारे डिव्हायडरचे टोक. पालकांनी तारखेसह फोटो काढावा. अर्ज हिंदीत लिहावा, कारण कार्यालयाची भाषा तीच आहे. शहरातील रस्त्यासाठी नगर निगम, राज्यमार्गासाठी लोक निर्माण विभाग. अर्जाची पोच अवश्य घ्यावी. सीएम हेल्पलाइन १८१ वर आणि राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा. शाळेच्या लेटरहेडवर असे अर्ज पाठवण्यास विश्वस्त मंडळाने परवानगी द्यावी, ही विनंती. पोच आणि उत्तरे यांची एक फाईल शाळेच्या कार्यालयात राहील. ती कोणालाही पाहता येईल.

यामुळे हेल्मेट आणि सीटबेल्ट यांतून कोणाची सुटका नाही. आपण आपले नियम पाळावेत आणि रस्ता राखणाऱ्यांनी त्यांचे पाळावेत. आपण पाळले नाहीत तर चौकात चलान होते. त्यांच्याबाबतीत निदान आपला अर्ज तरी त्यांच्या टेबलावर असावा.