झोप : अभ्यासाचाच उत्तरार्ध

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. झोतभट्टी एकदा पेटली की रात्र झाली म्हणून ती विझविता येत नाही. म्हणूनच कारखान्याच्या नगरातील रुआबांध्यासारख्या वसाहतींचे जीवन तीन पाळ्यांत विभागलेले असते. अशा गावात जागरणाचे कौतुक होणे स्वाभाविक होय. परंतु हेच कौतुक जेव्हा घरातील विद्यार्थ्याला लागू केले जाते, आणि परीक्षा जवळ येताच त्याच्या झोपेतून दोन तास काढून अभ्यासात घातले जातात, तेव्हा तो हिशेब चुकतो. झोपेचा काळ म्हणजे वाया गेलेला काळ, हा समज मेंदूविज्ञानाने खोटा ठरविला आहे.

मेंदूच्या आत, दोन्ही बाजूंस, समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग असतो. त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. १९५३ साली अमेरिकेत एका रुग्णाच्या मेंदूतून हा भाग बहुतांशी काढून टाकण्यात आला. तेव्हापासून घडलेली कोणतीही नवी घटना त्याच्या लक्षात राहीना. पुढे १९७१ मध्ये जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्हस्की यांना उंदराच्या याच भागात अशा पेशी आढळल्या, की ज्या प्राणी एका विशिष्ट जागी आला असताच चेतविल्या जातात. २००५ मध्ये मे-ब्रिट व एडवर्ड मोसर यांच्या प्रयोगशाळेने शेजारच्या भागात जागेची जणू जाळीच आखणाऱ्या पेशी शोधल्या. या शोधांसाठी ओकीफ व मोसर दांपत्य यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सारांश, वाट ओळखणे आणि आठवण ठेवणे ही दोन्ही कामे मेंदूच्या याच परिसरात चालतात.

या दोन शेजाऱ्यांना जोडते ती लय. उंदीर चालू लागला की दोन्ही भागांत सेकंदाला सुमारे सहा ते दहा विद्युत्‌लहरी उठतात आणि दोन्हीकडच्या पेशी त्याच ठेक्यावर काम करतात. गाढ झोपेत हा ठेका थांबतो. त्याच्या जागी, सेकंदाच्या सुमारे दहाव्या हिश्श्यापुरते, अतिवेगवान लहरींचे झटके उठतात. १९९४ मध्ये विल्सन व मॅकनॉटन यांनी दाखविले की, दिवसा ज्या पेशी एकत्र जाग्या झाल्या होत्या, त्याच झोपेत पुन्हा एकत्र जाग्या होतात. मेंदू जणू दिवसाची उजळणी करतो. २००९ मधील प्रयोगांत उंदरांच्या झोपेतील हे झटके मुद्दाम खंडित केले, तेव्हा त्यांना वाट शिकण्यास अधिक काळ लागला. फेफऱ्याच्या उपचारांसाठी मेंदूत विद्युदग्रे बसविलेल्या रुग्णांतही असेच झटके नोंदले गेले आहेत.

यावरून निष्कर्ष उघड आहे. वाचन हा अभ्यासाचा पूर्वार्ध, तर झोप हा उत्तरार्ध होय. उत्तरार्ध कापून पूर्वार्ध लांबविणे म्हणजे पेरणी वाढवून पाणी तोडणे. लवकर निजून लवकर उठण्याचा उपदेश घरोघर ऐकविला जातो. पण त्यातील निजण्याचा भाग सोयीस्करपणे विसरला जातो.

महाराष्ट्रात या प्रश्नाची दखल घेतली गेली. मूळचे रायपूरचे असलेले तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मुलांच्या अपुऱ्या झोपेकडे लक्ष वेधले. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ वा त्यानंतर भरवावेत असा निर्णय दिला. दोन सत्रांच्या शाळा, वाहतूक आणि पालकांच्या कामाच्या वेळा या अडचणी खऱ्या आहेत. तथापि त्या व्यवस्थेच्या अडचणी आहेत. मेंदूला त्या सांगून समजाविता येत नाहीत. किंबहुना किशोरवयात झोप येण्याची वेळच उशिराकडे सरकते. यास्तव चौथीनंतरच्या विद्यार्थ्यांचाही विचार व्हावयास हवा.

भट्टीसाठी रात्री जागणाऱ्या कामगाराची झोपही तितकीच मोलाची आहे. दिवसा तो निजला असता घरात शांतता राखणे हे कुटुंबाचे कर्तव्यच ठरते. परंतु त्याच्या जागरणास निदान भट्टीची सक्ती आहे. शाळेच्या घंटेवर तशी कोणतीही सक्ती नाही; ती माणसांनीच लावली आहे आणि माणसांना ती बदलता येते.