काचेच्या टाकीतली ऊ शेततळ्यात नको

आपल्या रावेर-सावद्याकडे पोरांच्या हट्टापायी घरोघरी काचेच्या टाक्या आल्यात. येऊ द्या, माझी ना नाही. पण नवी मासोळी आणली की तशीच टाकीत सोडायची आणि आजारी पडली की "जीव तरी वाचेल" म्हणून शेततळ्यात नेऊन सोडायची, हे मला अजिबात पटत नाही.

२०२० च्या पावसाळ्यात रावेर-यावलमध्ये सीएमव्ही, म्हणजे आपला हरण्या, आला. कितीकांनी उभी केळी उपटली. तेव्हापासून रोप कुठलं, कोणत्या लॅबचं, हे आपण चार वेळा विचारतो. मग मासोळीला का नाही विचारत? नवी मासोळी दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवा, जाळीही वेगळी. निम्मं दुखणं तिथंच थांबतं.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले की लोक एकदा औषध टाकतात, ठिपके गेले की बंद करतात. आठवड्यात परत तेच! कारण तो जीव माशाच्या कातडीखाली असतो तेव्हा औषध त्याला लागत नाही. तो खाली पडतो, तळाशी एकाचे शेकडो होतात आणि ती पिल्लं मासा शोधत पोहतात. मार फक्त त्या पिल्लांवर बसतो. म्हणून जाडं मीठ, लिटरला दोन-तीन ग्रॅम, एकदम नाही, दोन दिवसांत विरघळवून थोडं थोडं. दिवसाआड तळाचं पाणी नळीनं ओढून टाका, जेवढं पाणी नवं भराल तेवढ्याचंच मीठ पुन्हा घाला. शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर चालू ठेवा. टाकीत वनस्पती असतील तर आधी काढा, मिठानं जळतात. आणि हे दुखणं थंडीत, रात्री पाणी एकदम गार पडलं की जास्त उफाळतं, तेव्हा लक्ष ठेवा.

आता शेततळं. गोल्डफिश आणि आपला कटला-रोहू एकाच कुळातले. तिची ऊ, म्हणजे अर्गुलस, यांना सहज लागते. मासा काठाला अंग घासतो, उड्या मारतो, खाणं सोडतो. मग काही भाऊ शेडमधला सायपरमेथ्रीनचा डबा उचलतात. अरे बाबा, ते औषध माशाला विषच आहे! मॅलाकाइट ग्रीनही नको, खायच्या माशाला त्यावर बंदी आहे.

ऊ मासा सोडून टणक जागेवर अंडी घालते. तळ्यात बांबू, फळ्या उभ्या करा, आठवड्याला काढून कडक उन्हात वाळवा आणि परत लावा. औषध लागलंच तर मत्स्य विभागाला विचारूनच.

उजनीत टाकीतला सकर मासा कसा माजलाय ते भीमाकाठच्या मच्छिमारांना विचारा, जाळ्या फाडतो. आपल्या तळ्याचं पाणी पावसात ओसंडून नाल्यानं तापीलाच जातं.

तपासायला न्यायचा तर मासा जिवंत, त्याच तळ्याच्या पाण्यात न्या. मेला की ऊ त्याला सोडून जाते, मग तपासणाऱ्याला काहीच सापडत नाही.