काळ्यानिळ्या डोळ्यामागचे हाड

वृद्ध आईच्या डोळ्याभोवती काळेनिळे दिसले, की ‘न्हाणीघरात पडली’ असे घरचे सांगतात. पुष्कळदा ते खरेच असते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असल्यास क्षुल्लक धक्क्यानेही डोळा काळा पडतो. परंतु मारहाणीची शंका असेल, तर डोळ्यामागचे हाड तपासणे हे केवळ उपचारापुरते राहत नाही. तो पुरावा ठरतो.

डोळ्याच्या खोबणीचा तळ आणि नाकाकडची भिंत कागदासारखी पातळ असते. ठोसा बसला की नेमकी हीच हाडे तुटतात. बाहेरची जाड कड शाबूत राहू शकते. साध्या एक्स-रेत अशी मोड निसटते. म्हणून खोबणीचा सीटी स्कॅन हवा, तोही साधारण 1 मिलिमीटरच्या पातळ छेदांचा. ‘एक्स-रे स्वच्छ आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 नुसार हाड मोडणे ही जबर दुखापत आहे. काही दिवसांत उतरणारी नुसती सूज सहसा साधी दुखापत ठरते. गुन्ह्याचे स्वरूपच त्या पातळ हाडावर अवलंबून असते.

वेळही महत्त्वाची. ताज्या मोडीच्या कडा तीक्ष्ण दिसतात, भोवती सूज असते, शेजारच्या सायनसमध्ये रक्त साचते. काही आठवड्यांत या खुणा पुसट होतात आणि मोड नवी की जुनी, हा वाद उरतो. काहींच्या नाकाकडील भिंतीत तर जन्मतःच फट असते.

स्कॅन आघात दाखवतो, हात कोणाचा ते दाखवत नाही. पडल्यावर बहुधा भुवई, नाक वा गालाचे हाड मार खाते, हे खरे. तरी केवळ प्रतिमेवरून ‘ठोसाच’ असे छातीठोकपणे मी लिहिणार नाही. त्यासाठी रुग्णाचे बोलणे लागते, आणि ते सोबत्यांना क्षणभर बाहेर बसवल्यावरच बहुधा ऐकू येते. सुना-मुलांनी याचा राग मानू नये.

रुग्णालयात एमएलसीची नोंद झाली का, ते विचारा. अहवालाबरोबर प्रतिमांची सीडीही जपून ठेवा. घरी भीती वाटत असल्यास ज्येष्ठांसाठीची 14567 ही हेल्पलाइन आहे. तपासणी होईपर्यंत नाक शिंकरू नका. तुटलेल्या भिंतीतून हवा खोबणीत शिरते. दृष्टी मंदावली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर सकाळची वाट न पाहता निघा.