पेशंटबरोबर सायकलही बोलवा

केसपेपरवर सर्वांत झटपट लिहून होणारा सल्ला म्हणजे ‘सायकल बंद’. कोपर दुखते म्हणून आलेल्या पेशंटला तो सहा आठवड्यांसाठी दिला जातो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तोच पेशंट पुन्हा सायकलवर असतो. घरोघरी पेपर टाकणाऱ्याला रजा नसते. पहिल्या पाळीच्या कामगाराला सातच्या आत गेटवर पोचायचे असते. ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला पुरा करण्याच्या राइडची, तयारी करणारा तर सल्ला ऐकता ऐकताच पुढच्या रविवारचा रूट मनात आखत असतो. पुढच्या भेटीत हे लोक एक तर खरे सांगत नाहीत, नाही तर येतच नाहीत. दोन्हींमध्ये नुकसान उपचाराचेच होते.

कोपराच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे, म्हणजे सगळे ज्याला टेनिस एल्बो म्हणतात ते, बरे व्हायला किती काळ लागतो याबद्दल चांगले पुरावे आहेत. नेदरलँड्समध्ये स्मिट आणि सहकाऱ्यांनी 185 रुग्णांवर केलेला अभ्यास 2002 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतलेल्यांपैकी 92 टक्के सहा आठवड्यांत बरे वाटणाऱ्यांच्या गटात होते. फिजिओथेरपी घेतलेल्यांचा आकडा तेव्हा 47 टक्के होता आणि नुसती वाट पाहिलेल्यांचा 32. वर्षभराने चित्र उलटले: इंजेक्शन 69, फिजिओथेरपी 91, वाट पाहणे 83. पुढे ऑस्ट्रेलियात बिसेट यांच्या गटाने 198 रुग्ण घेऊन हाच प्रश्न तपासला. 2006 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात इंजेक्शनने सुरुवातीला बरे वाटलेल्यांपैकी 72 टक्के रुग्णांचे दुखणे परतले. 2013 मध्ये ‘जामा’त आलेल्या 165 रुग्णांच्या अभ्यासातही स्टेरॉइड घेतलेले रुग्ण वर्षाअखेर खोटे इंजेक्शन घेतलेल्यांच्या मागेच राहिले.

स्मिट यांच्या अभ्यासातला 91 आणि 83 हा फरक फिजिओथेरपीच्या व्यवसायाने प्रामाणिकपणे वाचायला हवा. वर्ष सरले की बहुतेकांचे कोपर बरे होतेच. थेरपिस्टचे खरे काम त्या वर्षाच्या आत आहे. वर्षभर कोणी सायकल सोडून बसत नाही, बसूही नये. टेंडनला भार हवाच असतो, तो बेताने द्यावा लागतो. शिवाय मधुमेह, रक्तदाब किंवा वजनासाठी सायकल धरलेल्या पन्नाशीच्या माणसाला कोपरासाठी सायकल सोडायला लावणे हा फार महागाचा सौदा आहे. तेव्हा दुखणे सांभाळत सायकल चालू ठेवणे हेच उपचाराचे उद्दिष्ट केसपेपरच्या पहिल्या ओळीत लिहिले पाहिजे.

त्याआधी निदान. ‘हात दुखतो’ असे म्हणणाऱ्या सायकलस्वाराला एका बोटाने जागा दाखवायला सांगावे. बोट थेट बाहेरच्या हाडाच्या टोकावर गेले आणि मनगट वर उचलताना विरोध केल्यावर तिथेच कळ आली, तर मामला एक्स्टेन्सर कार्पाय रेडिॲलिस ब्रेव्हिसच्या टेंडनचा. बोट त्या टोकाच्या तीन-चार बोटे खाली, स्नायूंच्या गाभ्यात रुतले आणि रात्री ठणका लागत असेल, तर रेडियल नर्व्हकडे पाहावे. अशा हातावर एल्बोचा पट्टा आवळला तर दुखणे वाढते. मान मागे आणि कडेला वळवताच हातात कळ उतरली तर कोपर निर्दोष आहे. वाकलेल्या हँडलवर तासन् तास मान वर धरून बसणाऱ्यांमध्ये हे वरचेवर दिसते.

करंगळीला आणि अनामिकेला मुंग्या येत असतील तर दाब मनगटाशी गियाँच्या कालव्यात आहे की कोपरामागे, हे ठरवावे लागते. हाताच्या मागच्या बाजूला, करंगळीकडच्या भागात स्पर्श नीट कळत असेल तर दाब बहुधा मनगटाशी आहे, कारण त्या भागाला जाणारी शाखा मनगटाच्या बऱ्याच वर फुटते. हा त्रास सायकलस्वारांमध्ये किती सर्रास असतो, ते 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पॅटरसन यांच्या अभ्यासात दिसते. 600 किलोमीटरच्या राइडनंतर 25 जणांपैकी 23 जणांच्या हातात संवेदनेचा, ताकदीचा किंवा दोन्हींचा बदल आढळला. नुसत्या मुंग्या असतील तर पकड बदलून, ग्रिप रुंद करून भागते. पण अंगठा आणि तर्जनीमधला स्नायू बसलेला दिसला किंवा चिमटीत धरलेला कागद सुटू लागला, तर सायकल खरोखर थांबवावी आणि नर्व्ह कंडक्शन करून घ्यावे.

दोन गोष्टी कधीही सुटता कामा नयेत. पडल्यानंतर कोपर पूर्ण सरळ होत नसेल तर आधी एक्स-रे. आणि चढावर डावा हात भरून येतो, थांबले की पाच मिनिटांत बरे वाटते, असे कोणी सांगितले तर कोपराला हात न लावता त्याला फिजिशियनकडे ईसीजीसाठी पाठवावे.

आता सायकल. ती दवाखान्यात आणायला सांगितली की पेशंट चकित होतात, पण अर्ध्या तासाच्या तपासणीत जे कळत नाही ते कॉरिडॉरमध्ये उभ्या सायकलवर पाच मिनिटांत दिसते. पेशंटला बसवावे, एकाला मागून सीट धरायला सांगावे, कडेने मोबाइलवर व्हिडिओ घ्यावा. कोपर ताठ आहेत का? असतील तर रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट कोपरात पोचतो. बहुतेक वेळा दोष हाताचा नसतो. सीटचे नाक खाली झुकलेले असते, शरीर पुढे घसरते आणि ते अडवायला हात ताठ होतात. किंवा मोठ्या भावाची मोठी फ्रेम धाकट्याकडे आलेली असते आणि हँडल त्याच्या आवाक्याबाहेर असते. सीट सपाट करणे, स्टेम एक-दोन सेंटिमीटर आखूड घेणे, हँडल थोडे उचलणे, एवढ्याने कोपरात जरासा बाक येतो.

मग ब्रेक पाहावेत. सपाट हँडलच्या साध्या गिअरच्या सायकलींना दुकानातून येताना ब्रेकचे लिव्हर बहुधा जमिनीला समांतर बसवलेले असतात. त्यावर बोटे ठेवायची तर मनगट मागे मोडावे लागते. मूठ आवळताना मनगट स्थिर ठेवण्याचे काम मनगट उचलणाऱ्या स्नायूंनाच करावे लागते, म्हणून ब्रेक दाबण्याची प्रत्येक खेप बाहेरच्या त्याच टेंडनवर ताण आणते. वरंधा किंवा ताम्हिणी उतरून आलेल्याचे कोपर दुसऱ्या दिवशी का ठणकते, याचे कारण यातच आहे. ॲलन कीने लिव्हरचा स्क्रू सैल करून तो खाली फिरवावा, इतका की कोपरापासून बोटांपर्यंतची रेघ सरळ यावी. लिव्हर मुठीपासून लांब असेल तर आतल्या छोट्या स्क्रूने जवळ आणावा. पावसाळ्यानंतर केबल गंजून जड झालेली असते. नवी केबल आणि दोन थेंब तेल यांनी ब्रेकला लागणारा जोर जेवढा कमी होतो, तेवढा कोणत्याही मशीनच्या शेकाने होत नाही.

खडबडीत रस्त्यांवर हातांची काय गत होते, हे पॅरिस-रुबे शर्यतीला शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. तिथल्या दगडी पट्ट्यांवर 1992 मध्ये जिल्बेर दुक्लो-लासाल सस्पेन्शनचा फोर्क लावून जिंकला, पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला. आता तिथले बहुतेक रायडर सस्पेन्शन वापरत नाहीत, रुंद टायर आणि कमी हवा वापरतात. आपल्याकडे मात्र टायर दगडासारखा टणक होईपर्यंत हवा भरण्याची सवय आहे. फ्रेममध्ये मावेल तेवढा रुंद टायर आणि वजनाला शोभेल एवढीच हवा, हे सांगणे थेरपिस्टच्या कामाबाहेरचे मुळीच नाही.

पेपर टाकणाऱ्याचे कोपर याहून वेगळ्या कारणाने दुखते. उजव्या मुठीला पेपरची पिशवी लटकलेली असते, तिच्या ओढीने हँडल सतत एका बाजूला जाते आणि तोच हात ते सावरत असतो. मग सायकल न थांबवता पेपरची सुरळी करायची आणि मनगटाच्या झटक्याने दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत फेकायची. हा झटका म्हणजे टेनिसचा बॅकहँडच, पण रोज पहाटे आणि शेकड्यांनी. त्याला डंबेलचा चार्ट देण्याआधी ओझे मागच्या कॅरियरवर, दोन्ही बाजूंना सारखे विभागून बांधायला सांगावे. वरच्या मजल्यांसाठी खालून दोरीची पिशवी वापरता येईल का, ते विचारावे. निदान काही आठवडे डाव्या हाताने फेकून पाहायला सांगावे. रोजी न बुडता ताण निम्मा होण्याचा मार्ग निघतो तो याच बारकाव्यांतून.

व्यायामाचे म्हणाल तर क्रम सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या टप्प्यात मनगट स्थिर धरून तीस-चाळीस सेकंदांचा भार. मग एक लिटर पाण्याची बाटली घेऊन मनगट सावकाश उचलणे आणि त्याहून सावकाश खाली सोडणे, आधी कोपर वाकवून, पुढे सरळ ठेवून. नंतर खांद्याचे आणि पाठीचे स्नायू, कारण दमलेली पाठ धडाचे वजन हातांवर टाकते. चुकते ते मात्रेत. व्यायाम आणि राइड यांचा हिशोब वेगवेगळा ठेवला जातो, पण टेंडनला दोन्ही एकाच खात्यात जमा होतात. घाट असलेल्या दिवशी भाराचा व्यायाम नको. राइडमध्ये दुखणे दहापैकी तीन-चारपर्यंत गेले तरी चालेल, पण दुसऱ्या सकाळी चहाचा कप उचलताना ते आदल्या सकाळपेक्षा जास्त नसावे. असेल तर पुढची राइड निम्मी. एक तासाची सलग राइड असेल तर अर्ध्या-अर्ध्या तासाचे दोन भाग आणि दर पाच-दहा मिनिटांनी हातांची जागा बदलणे.

लांब पल्ल्याच्या सायकलिंगला महाराष्ट्रात आज मोठा वर्ग आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये दोघांच्या संघातून ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये ती एकट्याने पुरी केली, आणि शहराशहरांतून ब्रेव्हे करणारे वाढले. 600 किलोमीटरची ब्रेव्हे 40 तासांत संपवायची असते. अशा रायडरची तारीख ठरलेली असते आणि कोपर दुखायला लागले की तो तारखेआधी इंजेक्शन मागतो. त्याला वरचे आकडे कागदावर लिहून दाखवावेत. सहा आठवडे बरे वाटेल, त्या जोरावर तो जास्त घाट चढेल-उतरेल, आणि दुखणे परतेल तेव्हा हंगाम ऐन भरात असेल. त्याऐवजी 200 किलोमीटरची ब्रेव्हे, पूर्ण बोटांचे जेल ग्लोव्ह्ज, हँडलला दुहेरी टेप आणि उतारावर थांबे, असा बेत त्याच्यासमोर ठेवला तर बहुतेक जण ऐकतात. जो ऐकणार नाही त्याचाही उपचार चालू ठेवावा.

बारा आठवडे नीट भार देऊन, सायकल बदलूनही फरक पडला नाही, तर निदान पहिल्यापासून तपासावे. मान, रेडियल नर्व्ह आणि सांध्याच्या आतला दोष यांपैकी काही तरी नजरेतून निसटलेले असण्याचा संभव मोठा आहे. शल्यचिकित्सकाचे मत घेण्याची वेळ त्यानंतरची.

हे लिखाण ज्या अभ्यासांवर उभे आहे त्यांतले रुग्ण परदेशातले आहेत. पेपरवाला, दूधवाला, गॅसच्या टाक्या पोचवणारा, रोज वीस किलोमीटर जाणारा एमआयडीसीतला कामगार यांच्या कोपरांच्या नोंदी आपल्याच ओपीडींतून यायला हव्यात. या मासिकाला त्या हव्या आहेत. दुखण्याची जागा, वेदनेशिवाय मूठ किती आवळता येते ते दोन्ही हातांचे आकडे, सीट व हँडलमधले अंतर, लिव्हरचा कोन, ओझे कुठे बांधतात, आणि सायकलमध्ये काय बदलले, एवढे एका पानावर मावते. नाव आणि ओळख पटेल असा तपशील वगळून सहा आणि बारा आठवड्यांच्या नोंदींसह ते पान पाठवावे. दुखणे बरे झाले नाही अशाही नोंदी आवर्जून पाठवाव्यात.